‘सर्वानुमते’

आमच्या वाडीच्या मंडळाची इतिवृत्ताची वही माझ्या कपाटात असते. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट, दुकानात हिशेबासाठी मिळते तसली. गेली काही वर्षे मी मंडळाचा चिटणीस आहे. हे पद मला कर्तृत्वाने मिळालेले नाही. वाडीतला मी पहिला पदवीधर, त्यातून कॉलेजात शिकवणारा, आणि मुख्य म्हणजे नोकरीसाठी मुंबईला न जाता गुहागर तालुक्यातच राहिलेला. तेव्हा ‘लिवायला बरा’ म्हणून वही माझ्या हाती आली. त्या वहीत माझ्या हस्ताक्षरात एक शब्द पानोपानी आलेला आहे. सर्वानुमते अध्यक्ष निवडले. सर्वानुमते वर्गणी ठरली. सर्वानुमते जयंतीचा खर्च मंजूर झाला. हा लेख त्या शब्दाविषयी आहे, आणि त्या शब्दाखाली मी स्वतः जे झाकून ठेवले त्याविषयीही.

गोष्ट काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. मुंबईकर सुट्टीला आलेले. आमची वाडी चाळीसेक घरांची, त्यांतली निम्मी वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात. मुंबईच्या मंडळाने तीन वर्षे वर्गणी गोळा करून विहारासाठी रक्कम जमवली होती. विषय एकच होता: पावसापूर्वी काम सुरू करायचे. मुंबईच्या अध्यक्षांनी आराखडा वाचून दाखवला आणि विचारले, “कुणाची हरकत?” मागे ओटीवर बायका बसल्या होत्या. त्यांतून माझी चुलत आजी, जिला सारी वाडी ‘आये’ म्हणते, ती बोलली, “आदी पान्याचं बगा. विहीर चैतातच आटते.” कुणीतरी म्हणाले, “आये, पाण्याचं ग्रामपंचायत बघेल.” दोघे-तिघे हसले. मग टाळ्या झाल्या, आणि मी लिहिले: सर्वानुमते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्याच्या वाटेवर आये भेटली. डोक्यावर हंडा. म्हणाली, “काल काय लिवलंस रे?” मी सांगितले. “म्हंजे काय?” सगळ्यांच्या मताने, मी म्हणालो. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मंग मी वाडीतली न्हाय?”

मला उत्तर देता आले नाही. पदवी होती, नोकरी होती, व्याख्याने देण्याची सवय होती, उत्तर नव्हते.

पुढे जे झाले त्यात आरडाओरडा कुठेच नव्हता. दिवाळीनंतर चिरे येऊन पडले. ते वाटेवरून वर वाहून न्यायचे काम श्रमदानाचे होते. कोणी आले नाही. ज्याला विचारावे तो म्हणे, “मला जरा कामावर जायाचं हाय.” मुंबईला हा अपमान वाटला. पत्र आले, पत्राला उत्तर गेले, मग हिशेब मागितले गेले. गावातल्यांनी स्वतःचे पावतीपुस्तक छापून घेतले. आणि १४ एप्रिलला त्या चाळीस घरांच्या वाडीत दोन जयंत्या झाल्या, दोन कर्ण्यांवर, हाकेच्या अंतरावर. एकाच बाबासाहेबांच्या दोन तसबिरींना दोन हार. माझे काही विद्यार्थी कार्यक्रमाला आले होते. त्यांनी साधेपणाने विचारले, “सर, कुठल्या मंडपात बसायचं?”

अशा फुटींना आपण चटकन ‘दुहीचा शाप’ म्हणून मोकळे होतो. शाप म्हटले की कुणाची जबाबदारी उरत नाही. माझ्या मते आमची वाडी मतभेदामुळे फुटलीच नाही. मतभेद सभेत बसवायला जागाच नव्हती, म्हणून तो बाहेर जाऊन बसला. ज्याला सभेत ‘नाही’ म्हणता येत नाही तो हातांनी ‘नाही’ म्हणतो. चिरे उचलत नाही.

येथे दोन्ही बाजूंना न्याय दिला पाहिजे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्याच्या सड्यावर तो ठरत नाही. मार्च सरता सरता उंचावरच्या वाड्यांच्या विहिरी तळ दाखवू लागतात. आमच्यासारख्यांच्या वाड्या गावाच्या कडेला, बहुधा पाणी मिळणे सर्वांत अवघड तिथेच. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो हे सांगायला नको. दुसरीकडे मुंबईकरांचे म्हणणेही पोकळ नव्हते. ज्या गावाच्या देवळाची पायरी आपल्या आजोबांना चढू दिली नाही, त्या गावात रस्त्यावरून दिसेल अशी आपली एक वास्तू उभी राहावी, ही इच्छा हौशीची नाही. वादात दोघांनीही महाडचेच नाव घेतले. एकाने म्हणावे, महाडचा लढा स्वाभिमानाचा होता. दुसऱ्याने म्हणावे, महाडचा लढा पाण्याचा होता. दोघेही खरे बोलत होते.

मग हे दोन खरे एकमेकांसमोर बसून का बोलू शकले नाहीत? त्यासाठी आपल्या मंडळांची घडण पाहावी लागते.

कोकणातल्या आपल्या समाजाला संघटना नवी नाही. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९० च्या सुमारास दापोलीला अनार्य दोषपरिहारक मंडळी उभी केली, आणि लष्करभरती पुन्हा खुली व्हावी म्हणून सरकारदरबारी अर्ज करण्याची धडपड केली. मूठभर पेन्शनर माणसे, पण कागदाची किंमत जाणणारी. पुढे मुंबईत गिरणी आणि गोदी आली, आणि प्रत्येक गावाची एक खोली आली. माझे आजोबा गिरणीत होते. चाळीतल्या आमच्या गावकीच्या खोलीत पाळीपाळीने माणसे झोपत. ते सांगत, की खोलीचा हिशेब दर वर्षी वेगळ्या माणसाकडे जाई. का? तर सर्वांचा पगार सारखाच तुटपुंजा. कोणी कोणाला मोठा मानावा असे काही नव्हते. भाडे थकले तर सगळेच रस्त्यावर. त्या खोलीत लोकशाही आली ती तत्त्वज्ञानातून आली नव्हती, ती गरजेतून आली होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आजोबा गावी परतले ते कायमचे. खोली गेली, पण मुंबईचे मंडळ राहिले. आज बहुतेक गावांत हीच दोन पायांची रचना दिसते: मुंबई मंडळ आणि ग्रामीण मंडळ. त्यांवर गट, त्यांवर तालुका, आणि बौद्धजन पंचायत समितीसारखी शाखाशाखांतून गावोगाव पोचलेली संस्था. लग्नविधी, मृत्यूनंतरचे विधी, नवराबायकोचे तंटे, सारे या रचनेतून जाते. कित्येक घरे कोर्टाची पायरी न चढता तिच्यामुळे सावरली गेली आहेत, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु या दोन पायांत एक खोट आहे. पैसा मुंबईत आणि श्रम गावात. पैशाची पावती होते, श्रमाची होत नाही. एका मे महिन्यात आठ दिवसांसाठी आलेल्या माणसांनी निर्णय घ्यायचा आणि उरलेले अकरा महिने तो दुसऱ्यांनी निभवायचा.

दुसरी खोट अधिक खोल आहे. आपण धर्म बदलला, नावे बदलली, विधी बदलले. सभेला बसण्याची रीत मात्र जुन्या गावकीचीच ठेवली. गावकीत पंच बोलतात, बाकीचे ऐकतात. पंचांचे ठरले की ते ‘गावाचे’ ठरले. त्यानंतर वेगळे बोलणारा गाव मोडणारा ठरतो, आणि गाव मोडणाऱ्याला शिक्षा वाळीत टाकण्याची. आपल्या पूर्वजांइतका या हत्याराचा मार कोणी खाल्ला असेल? रत्नागिरी-रायगडकडे ही रीत सर्वच जातींत इतकी चिवट राहिली, की महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१७ मध्ये तो अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा हवाच होता. पण वाळीत टाकण्याची सौम्य रूपे कायद्याच्या हाती लागत नाहीत. “आये, ग्रामपंचायत बघेल” आणि त्यावरचे हसू, हे त्यांतलेच एक रूप आहे. आणि ‘सर्वानुमते’ हा शब्द त्या हसण्याचे लेखी प्रमाणपत्र आहे.

आता कोणी म्हणेल, मग बहुमत घ्या, प्रश्न मिटला. तो एवढ्याने मिटत नाही, हे आपल्याला इतर कोणी शिकवण्याची गरज नाही. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे ते आठवावे. रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून तो घर सोडतो, ही पारंपरिक कथा त्यांनी बाजूला ठेवली. त्यांच्या मांडणीत कारण आहे पाण्याचा तंटा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला आणि वाटाघाटीचा मार्ग सुचवला. मतदान झाले, तो हरला. आणि हरल्यावर त्याला धाक घातला गेला तो कसला? घराण्यावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. म्हणजे संघ होता, ठराव होता, मतदान होते. फक्त हरलेल्या माणसाला संघात राहू देण्याची रीत नव्हती. मला वाटते, आपल्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे.

त्याच बुद्धाने पुढे जो भिक्खूसंघ बांधला त्यात ही रीत मोठ्या बारकाईने घातलेली दिसते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी याची आठवण दिली होती: ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम भिक्खूसंघाला माहीत होते. विनयपिटकात तपशील सापडतो. महत्त्वाचा ठराव एकदा मांडायचा आणि मग तीनदा पुकारायचा. तीनदा विचारूनही कोणी बोलले नाही तरच मौन म्हणजे संमती. आपण एकदाच विचारतो, तेही टाळ्या सुरू होत असताना. आजारी भिक्खूला सभेला येता आले नाही तर तो दुसऱ्याकरवी आपली संमती कळवी. तिला ‘छंद’ म्हणत. एकमत होईना तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मते घेत. ती उघड, कानात सांगून किंवा गुप्तपणे घेता येत. तंटा मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. पहिला मार्ग ‘सम्मुख’, दोन्ही पक्ष समोरासमोर असल्याशिवाय निवाडा नाही. शेवटचा ‘तिणवत्थारक’, गवताने झाकणे: वाद इतका चिघळला की जो तो उकरला तर घाणच वर येईल, तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापली चूक एकत्र कबूल करायची आणि पुढे उकरायचे नाही.

हे नियम असूनही संघ भांडला. कोसंबीचे भांडण प्रसिद्ध आहे. अट्ठकथा सांगते, की शौचकूपातल्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले, एवढ्यावरून ते सुरू झाले. एकाने दोष काढला, दुसऱ्याने मानला नाही, त्याला बाहेर ठेवले गेले, शिष्यांचे दोन तट पडले. बुद्धाने दोघांनाही सांगून पाहिले. बाहेर ठेवणाऱ्यांना म्हटले, असे करण्यापूर्वी संघ फुटेल याचा विचार करा. ज्याला ठेवले त्याच्या बाजूला म्हटले, इतरांच्या विश्वासापोटी तरी दोष मान्य करा. कोणी ऐकले नाही. तेव्हा तो पारिलेय्यकाच्या वनात निघून गेला. भांडण मिटवले ते कोसंबीच्या सामान्य उपासकांनी. त्यांनी भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा घालणे थांबवले. मोठ्यांची भांडणे पोसणारे हात आखडले की मोठे शुद्धीवर येतात. आमच्या वाडीतल्या न उचललेल्या चिऱ्यांकडे मी नंतर या दृष्टीने पाहू लागलो.

आपल्या चळवळीतही या रीतीचा एक मोठा दाखला आहे. महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेविषयी आपण पुष्कळ बोलतो. डिसेंबरच्या परिषदेत निर्णय कसा घेतला गेला याविषयी कमी बोलतो. विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो माणसे तळ्यावर जाण्याच्या निर्धाराने आलेली, स्वयंसेवकांची नावे नोंदलेली. कलेक्टरने सभेत येऊन सत्याग्रह लांबवण्याची विनंती केली. बाबासाहेबांनी एका शब्दाने सांगितले असते तर लोक परत गेले असते, आणि एका शब्दाने सांगितले असते तर लोक तुरुंगात गेले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. सत्याग्रह झालाच पाहिजे म्हणणाऱ्यांना भरसभेत बोलू दिले. नेत्यांशी खल केला. मग तहकुबीचा ठराव स्वतः मांडला, त्याची कारणे दिली, आणि त्याचबरोबर गावातून मिरवणूक काढली, म्हणजे आलेल्या माणसाचा निर्धार रिकाम्या हाताने परत जाऊ नये. ज्यांचे म्हणणे मान्य झाले नाही त्यांच्याही पायांना चालायला वाट दिली. कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली, हायकोर्टात. दहा वर्षे लागली. पण त्या दिवशी समूह फुटला नाही.

मात्र बाबासाहेबांचा अधिकार होता म्हणून ते साधले, असे कोणी म्हणेल तर ते अर्धे खरे आहे. अधिकारी पुरुष गेल्यावर काय होते? ६ डिसेंबर १९५६ नंतर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या पुढाऱ्यांनी सामुदायिक नेतृत्वाचा मार्ग धरला, तो अत्यंत शहाणपणाचा होता. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दोनेक वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे तट पडले. मतभेद क्षुद्र नव्हते. सनदशीर मार्ग की भूमिहीनांचे रस्त्यावरचे लढे, डाव्यांशी हात मिळवावा की नाही, हे प्रश्न कोणत्याही जिवंत पक्षापुढे यावेत असेच आहेत. परंतु या प्रश्नांवर हरलेल्या बाजूने पक्षात कसे राहायचे, हे कोणी ठरवलेले नव्हते. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली, ती तर पुढाऱ्यांच्या या गटबाजीला विटूनच. १९७४ मध्ये तीही फुटली, आणि १९७७ मध्ये तिच्या एका गटाने ती बरखास्त केल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती चळवळीत जो फ्रीमन ही कार्यकर्ती सांगत होती, की ‘आमच्यात नेता नाही, नियम नाहीत’ म्हणणाऱ्या गटात नेते असतातच, फक्त ते दिसत नाहीत आणि म्हणून त्यांना कोणी हटवू शकत नाही. आपल्या मित्रमंडळी-छाप संघटनांना हे तंतोतंत लागू पडते.

समाजशास्त्राच्या वर्गात मी एक प्रयोग सांगतो. जर्मनीतल्या नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागलेला ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याचे सहकारी लिपिट आणि व्हाइट यांनी अमेरिकेत आयोवा येथे तो केला. १९३९ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे केली. काहींवर हुकूम सोडणारा प्रमुख, काहींत मुलांशी चर्चा करून ठरवणारा, काहींत नुसता बसून राहणारा. हुकमी प्रमुख समोर असेतो काम जोरात. तो खोलीबाहेर गेला की काम थंड, आणि मुले एकमेकांवर, बहुधा एका दुबळ्यावर, तुटून पडत. चर्चेच्या मंडळात प्रमुख बाहेर गेला तरी काम चालू राही. नुसता बसून राहणारा असेल तिथे काम थोडे आणि तेही वाईट. हे शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर आयोवा नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या गाड्या भरून निघून जातात आणि वाडी शांत होते, ते असते.

आमची वाडी पुन्हा एका जागी बसली, त्याला एक वर्षाहून अधिक लागले. त्यात माझ्या विद्वत्तेचा वाटा थोडा. खरी रीत निघाली बायकांच्या बचत गटातून. नाबार्डने १९९२ पासून हे गट बँकांना जोडायला सुरुवात केली, आणि त्यांची पंचसूत्री ठरलेली आहे: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, चोख नोंद. आपले पुरुष या गटांना पापड-लोणच्याचे प्रकरण समजतात. पण आमच्या वाडीत ज्या बायका मंडळाच्या सभेत ओटीवर बसत, त्याच गटाच्या बैठकीत गोल करून बसत, अध्यक्षपद फिरते ठेवत, आणि पैशाची पेटी एकीच्या घरी तर किल्ली दुसरीच्या घरी ठेवत. चाळीतल्या खोलीतली आजोबांची रीत त्यांनी न शिकवता पुन्हा शोधली होती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढले, त्याला तीन दशके उलटली. मंडळाच्या इतिवृत्तात मात्र बायकांची नावे ‘चहापान’ या सदराखालीच येत राहिली. त्या लिखाणाचा कर्ता मी.

तेव्हा आम्ही ठरवले, मुंबईचे तिघे आणि गावचे तिघे असे सहाजण आधी बसतील. सहांत निदान दोन बायका. फोनवरच्या गटात या विषयावर एक अक्षर लिहायचे नाही, जे बोलायचे ते समोर. पहिली बैठक रात्री दोनपर्यंत चालली आणि त्यात फक्त जुनी उणीदुणी निघाली. कोणाच्या लग्नात कोणाला आधी पान दिले नाही इथपर्यंत. दुसऱ्या बैठकीत आये म्हणाली, “झाकून टाका आता.” तिने विनयपिटक वाचलेले नाही.

पुढच्या मे महिन्यात ठराव तीन संध्याकाळी तीनदा वाचला. पहिल्या संध्याकाळी नुसते प्रश्न. दुसऱ्या संध्याकाळी आधी ज्यांनी कधी तोंड उघडले नव्हते त्यांनी बोलायचे, पदाधिकाऱ्यांनी शेवटी. येथे एक गंमत झाली. विहार आधी व्हावे असे म्हणणाऱ्यांत गावातलीच दोन तरुण मुले निघाली आणि पाणी आधी म्हणणाऱ्यांत मुंबईचा एक रिक्षावाला. मुंबई विरुद्ध गाव हा तट आम्ही समजत होतो तितका सरळ नव्हताच. दोन पावतीपुस्तकांनी तो सरळ केला होता. तिसऱ्या संध्याकाळी मतदान. घरटी दोन मते, त्यांतले एक बाईचे. ज्यांना सुट्टी मिळाली नाही त्यांनी फोनवरून मत कळवायचे, पण सगळ्यांना ऐकू येईल असे. बाकीच्यांनी दाराआड ठेवलेल्या कळशीत बी टाकायची: विहाराला काजूची बी, पाण्याला फणसाची आठळी. लहान मुलांना या प्रकाराचा फार आनंद झाला. सहा आठळ्या जास्त निघाल्या.

मग मी वहीत काय लिहिले? ‘बहुमताने’ लिहिले आणि त्याखाली समास सोडून ‘विरोधी मत’ असे लिहिले. ज्यांची इच्छा होती त्यांनी तिथे आपले कारण सांगून सह्या केल्या. मुंबईच्या अध्यक्षांनी सही केली. त्यांचे कारण असे होते, की सड्यावर विंधनविहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकेल याची खात्री नाही, आणि जमवलेला पैसा एका भोकात जाईल. विहाराचे जोतेही त्याच वर्षी घालायचे, ही त्यांची सूचना मात्र सर्वांनी उचलली. पैशाची पेटी आता मुंबईच्या खजिनदाराकडे आणि सहीचा अधिकार गावच्या बाईकडे आहे. बँकेत ते दोघे एकत्र गेल्याशिवाय काही निघत नाही, याचा त्रासही होतो.

सगळे सांधले असे मी म्हणणार नाही. तीन कुटुंबांनी वर्गणी परत मागितली आणि ती परत दिली. एक काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात भेटले तर चष्मा पुसू लागतात. गेल्या वर्षी जयंती एकच झाली, पण भाषणे दोन्ही बाजूंची मोजून सारखी ठेवावी लागली, म्हणजे संशय अजून आहे.

आणि विंधनविहीर. पहिल्या उन्हाळ्यात तिचे पाणी मेच्या मध्यापर्यंत पुरले, नंतर पंप हवा ओढू लागला. हंडे पुन्हा पऱ्यावर गेले. सुट्टीतल्या सभेत पहिला विषय तोच होता. मागचे इतिवृत्त वाचायला मी वही उघडली, ठराव वाचला, आणि समासापाशी येऊन अडखळलो. अध्यक्षांकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते. त्यांचे म्हणणे खरे ठरले होते आणि ते मोठ्याने वाचण्याची लाज मला वाटत होती, कारण आठळी मीही टाकली होती. आये आता ओटीवर नव्हती, पुढे चटईवर बसली होती. ती म्हणाली, “थांबलास का? त्यांचं पन वाच.”